मोबाइल ॲपमधील देवनागरी अक्षर : अंतर्भूत आणि बाह्य फॉन्टांचा ऐतिहासिक विचार

१

मजकूर आणि अक्षर ही एकच वस्तू आहे असे वाचकाला वाटते. छापणाऱ्याला तसे मानून चालत नाही. लेखकाने लिहिलेले शब्द एका मार्गाने येतात आणि ते शब्द ज्यांच्या योगे डोळ्यांना दिसतात ती अक्षररूपे दुसऱ्या मार्गाने येतात. छापखान्यात हे दोन मार्ग खिळे जुळविणाऱ्याच्या हाताशी एकत्र येत, व छापील पान वाचकापर्यंत पोचेतो त्यांचा संगम पूर्ण झालेला असे. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर हा संगम वाचकाच्या हातातील यंत्रातच घडतो. मजकूर अंकांच्या संकेताने येतो. त्या संकेताला आकार देणारा फॉन्ट यंत्रात असेल तर अक्षर उमटते, नसेल तर तेथे रिकामा चौकोन दिसतो. यास्तव मोबाइलचे ॲप रचणाऱ्यापुढे एक निर्णय अटळपणे येतो. फॉन्ट ॲपच्या गाठोड्यातच बांधून द्यावा, की ॲप चालू झाल्यावर तो जालावरून मागवावा?

हा प्रश्न बहुधा आकारमानाचा आणि सोयीचा म्हणून मांडला जातो. फॉन्ट अंतर्भूत केला तर ॲप जड होते. बाहेरून मागविला तर ॲप हलके राहते, पण जालावर विसंबावे लागते. या हिशेबात तथ्य आहे. तथापि तो मनात रोमन लिपीचा वाचक धरून केलेला आहे. मागविलेला फॉन्ट आला नाही तर त्या वाचकाला अक्षरांचे वळण तेवढे निराळे दिसते. मराठी वाचकाला मात्र दीर्घकाळ अशा वेळी वाचण्याजोगे काही दिसतच नसे. फॉन्ट कोणत्या मार्गाने यावा याचा निर्णय, तो न आल्यास वाचकापुढे काय उरते या एका गोष्टीवर अवलंबून असतो, हे देवनागरीच्या इतिहासाच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

अक्षरे स्वतःची असावीत की बाहेरून आणावीत, हा प्रश्न मराठी मुद्रणाला त्याच्या जन्मापासून चिकटलेला आहे. गोव्यात १५५६ साली छापखाना आला तो रोमन खिळ्यांसह आला. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याची भाषा मराठी, पण लिपी रोमन होती, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. हाताशी असलेल्या लिपीवर निभावून नेण्याचा हा प्रसंग पुढे संगणकाच्या काळात अनेक वेळा घडलेल्या प्रसंगांचा पूर्वज म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला खिळे मिळाले, ते बंगालमधून. श्रीरामपूरचा मिशन छापखाना १८०० साली सुरू झाला. तेथे पंचानन कर्मकार यांच्या कौशल्यामुळे देवनागरी अक्षरांचे ठसे तयार झाले, आणि कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८१७ साली मराठी मुद्रणास आरंभ केला तोही कलकत्त्याहून आणविलेल्या खिळ्यांवरच. बाहेरून आलेल्या खिळ्यांनी मुद्रण लवकर सुरू झाले हे खरे. पण त्यांचे वळण महाराष्ट्रातील हस्तलिखितांच्या वळणाशी जुळणारे नव्हते. म्हणून मिशनच्या छापखान्यातच टॉमस ग्रॅहम यांनी पुढे नवे ठसे कोरले. गणपत कृष्णाजी यांनी प्रथम शिळाछापाचा मार्ग धरला व १८३१ साली पंचांग छापले. शिळाछापात पानाचे संपूर्ण चित्रच दगडावर उतरते, त्यामुळे खिळ्यांची गरजच पडत नाही. परंतु एका पानाची अक्षरे दुसऱ्या पानाच्या उपयोगी पडत नाहीत. गणपत कृष्णाजी यांनी नंतर स्वतःचे खिळे पाडले, याचे कारण या मर्यादेतच शोधावे लागते.

मिशनच्या छापखान्यात बालवयात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांमुळे निर्णयसागरचे खिळे केवळ त्या छापखान्यापुरते न राहता देशभर विकले गेले. मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असा जो भेद मुद्रणाच्या इतिहासात केला जातो (अ, झ, ण या अक्षरांत तो ठळकपणे दिसे) तो यातून दृढ झाला. अक्षरे जेथून येतात तेथील वळण त्यांच्यासोबत येते, ही गोष्ट या कालखंडातून स्पष्ट होते. मात्र छापखान्याच्या युगात या परावलंबनाची झळ छापणाऱ्याला लागे. वाचकाच्या हाती येणारे पान वाचनीयच असे. पुढच्या युगात ही झळ थेट वाचकापर्यंत पोचली.

३

संगणकावर मराठी आली तेव्हा मजकुराचा संकेत आणि अक्षराचा आकार यांची सांगड प्रत्येकाने आपापल्या परीने घातली. आयआयटी कानपूर येथील आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील कार्यातून भारतीय लिपींचा समान संकेत पुढे आला, व १९९१ साली इस्की या नावाने तो भारतीय मानक झाला. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच घेतलेली होती. परंतु प्रत्यक्ष छपाईच्या व्यवहारात या संकेतांपेक्षा फॉन्टांचेच राज्य होते. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवून फॉन्ट तयार केले जात. काना एका जागी, अर्धा क दुसऱ्या जागी, वेलांटी तिसऱ्या जागी. प्रत्येक फॉन्टाची वाटणी निराळी असे. त्यामुळे मजकूर म्हणून जे साठविले जाई ते वस्तुतः रोमन अक्षरांचे कडबोळे असे, आणि तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच त्यातून मराठी प्रकट होई.

अशा स्थितीत वृत्तपत्रे जालावर आली. वाचकाने आधी फॉन्ट उतरवून आपल्या संगणकात बसवावा, मग बातमी वाचावी, अशी सूचना पहिल्या पानावर दिसू लागली. ही बाह्य फॉन्टाची सर्वांत कष्टाची पद्धत होय. येथे खिळे आणण्याचे काम वाचकावरच टाकलेले होते. १९९७ साली यावर एक तोड निघाली. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत बिटस्ट्रीम कंपनीच्या ट्रूडॉक पद्धतीने, आणि मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने, पानाबरोबर फॉन्ट आपोआप येऊ लागला. यास गतिमान फॉन्ट असे नाव पडले. भारतीय भाषांतील अनेक स्थळांनी ही सोय तत्परतेने स्वीकारली, कारण इंग्रजीला जी शोभेची बाब होती ती भारतीय भाषांना जगण्याची बाब होती.

पण या दोन पद्धती परस्परांना अनोळखी होत्या. एकीसाठी सिद्ध केलेला फॉन्ट दुसरीत चालत नसे. २००० साली निघालेल्या नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीत ट्रूडॉकची सोय राहिली नाही, आणि त्या मार्गावर विसंबलेली पाने नव्या ब्राउझरात रोमन कडबोळ्याच्या रूपात दिसू लागली. मजकूर जागेवर होता, पण तो मराठी राहिला नव्हता. शोधयंत्रांनाही तो कळत नसे. मराठी शब्द टाकून शोध घेतला तर ती पाने सापडत नसत. पुढे फायरफॉक्स ब्राउझरसाठी पद्मा नावाचे पूरक साधन निघाले. निरनिराळ्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून दाखविणे हे त्याचे काम होते. एकाच लिपीतील मजकूर त्याच लिपीत आणण्यासाठी दुभाष्या लागावा, यावरून त्या अराजकाची कल्पना येते.

यातून सुटण्याचा मार्ग दोन टप्प्यांनी खुला झाला. पहिला टप्पा ओपनटाइपचा. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट व ॲडोबी यांनी जाहीर केलेल्या या पद्धतीत जोडाक्षरे कशी घडावीत याचे नियम फॉन्टातच साठविण्याची सोय होती. त्यामुळे मजकूर युनिकोडचाच राहून जोडाक्षर पडद्यावर घडू लागले. दुसरा टप्पा म्हणजे असा फॉन्ट यंत्राबरोबरच देण्याचा. विंडोज २००० बरोबर रा. कृ. जोशी यांनी घडविलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट आला. तथापि विंडोज एक्सपीमध्येही भारतीय लिपींची यंत्रणा अनेकदा निराळी चालू करून घ्यावी लागे, व त्यासाठी मूळ तबकडी हाताशी असावी लागे. अक्षरे घरात आली होती, पण पेटीत बंद होती.

४

मोबाइलच्या पडद्यावर हाच इतिहास थोडक्या वर्षांत पुन्हा घडला. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीचा समावेश नव्हता. युनिकोडमधील मराठी मजकूर तेथे चौकोनांच्या रांगेसारखा दिसे. फॉन्ट ॲपमध्ये अंतर्भूत करण्याची सोय उपलब्ध होती, परंतु तेवढ्याने काम भागत नसे. फॉन्ट म्हणजे खिळ्यांची पेटी. खिळे जुळविणारा निराळा लागतो. संगणकात हे काम अक्षरजुळणीची यंत्रणा करते. ती देवनागरी जाणत नसेल तर ‘कि’ या अक्षरातील वेलांटी क च्या पुढे उभी राहते आणि जोडाक्षरे पाय मोडून पडतात. म्हणून त्या वर्षांतील कित्येक ॲपांत जुन्या पद्धतीचा फॉन्ट बांधून दिला जाई व युनिकोड मजकूर पडद्यावर येण्यापूर्वी त्याच्या तुकड्यांत मोडला जाई.

दुसरी एक युक्ती ऑपेरा मिनी या ब्राउझरात होती. त्यातील एक गुप्तवजा पर्याय चालू केला की गुंतागुंतीच्या लिपीतील मजकूर सर्व्हरवर चित्ररूपात तयार होऊन येई. ही तर गणपत कृष्णाजींच्या शिळाछापाचीच नवी आवृत्ती होय. वाचन साधत असे. पण शब्द निवडणे, नकलून घेणे किंवा शोधणे साधत नसे. शिळाछापाची जी मर्यादा १८३१ साली होती तीच येथेही आड आली.

२०११ साली निघालेल्या अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी फॉन्ट आणि जुळणीची यंत्रणा ही दोन्ही मूळ प्रणालीत आली. आयफोनच्या प्रणालीत ॲपबरोबर स्वतःचा फॉन्ट देण्याची रीतसर सोय २०१० पासून होती. त्यानंतरच्या दशकात गूगलच्या नोटो या फॉन्टसमूहाने रिकाम्या चौकोनाचे उच्चाटन हेच आपले ध्येय मानले. २०१६ साली तो ८०० भाषांसाठी व शंभरांहून अधिक लिपींसाठी प्रसिद्ध करण्यात आला. त्याच वर्षी भारत सरकारनेही आदेश काढला की देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनवर घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे. या घटनांचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. एखादे ॲप फॉन्ट आणो वा न आणो, मराठी वाचकाच्या पडद्यावर काहीतरी वाचनीय उमटेल अशी हमी त्यांनी निर्माण केली. रोमन लिपीच्या वाचकाला जी जमीन पहिल्यापासून पायाखाली होती ती मराठी वाचकाला तेव्हा मिळाली.

५

ही जमीन मिळाल्यानंतरच बाह्य फॉन्टाचा विचार सुरक्षितपणे करणे शक्य झाले. २०१७ साली अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीत उतरविण्याजोग्या फॉन्टांची पद्धत आली, आणि पूरक संग्रहाच्या द्वारे ती चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या जुन्या फोनांनाही उपलब्ध झाली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. ॲप स्वतः जालावर जात नाही. ते फोनमधील पुरवठादाराकडे, म्हणजे व्यवहारात गूगलच्या सेवांकडे, फॉन्टाची मागणी नोंदविते; पुरवठादार खरा आहे याची खात्री प्रमाणपत्रावरून केली जाते. पुरवठादाराकडे तो फॉन्ट आधीच साठविलेला असेल तर लगेच मिळतो, नसेल तर तो आणवून ठेवला जातो, आणि दुसऱ्या ॲपने तोच मागितला तर पुन्हा उतरविण्याची गरज पडत नाही. ठराविक वेळात फॉन्ट आला नाही तर प्रणालीतील नेहमीचा फॉन्ट वापरला जातो. दहा ॲपांनी एकच फॉन्ट दहा वेळा वाहण्यापेक्षा एका कोठारातून सर्वांनी घ्यावा, हा यामागील विचार आहे. निर्णयसागरच्या कारखान्यातून अनेक छापखान्यांनी खिळे घ्यावेत त्यासारखाच.

आकारमानाची चिंताही त्या काळी काल्पनिक नव्हती. गूगलच्या दुकानात ॲपच्या मुख्य गाठोड्यास ५० मेगाबाइटची मर्यादा होती, ती २०१५ साली १०० वर नेण्यात आली. देवनागरी फॉन्ट त्या मानाने लहान असतो. पण एका ॲपात चार जाडींचे फॉन्ट आणि अनेक भारतीय लिपी घालावयाच्या झाल्या की भार वाढत जातो. चिनी व जपानी लिपींचा प्रश्न त्याहून बिकट आहे. २०१४ साली निघालेल्या सोर्स हान सान्स या फॉन्टात ६५,५३५ आकृती आहेत, आणि त्या स्वरूपातील एका फॉन्टात मावू शकणारी तीच कमाल संख्या होय. भावचिन्हांची गोष्टही अशीच आहे. दरवर्षी नवी चिन्हे निघतात. ॲपमध्ये बांधलेला संच जुना होतो, बाहेरून येणारा अद्ययावत राहतो.

तथापि कोठारावर विसंबण्याचे मोलही हळूहळू प्रकट झाले. २०१९ साली अमेरिकन व्यापारनिर्बंधांमुळे हुआवे कंपनीचे नवे फोन गूगलच्या सेवांवाचून विकले जाऊ लागले. ज्या यंत्रात पुरवठादारच नाही तेथे त्याच्याकडील मागणी व्यर्थ ठरते. जालपृष्ठांच्या क्षेत्रात आणखी दोन घटना घडल्या, व त्यांचा बोध ॲपांनाही लागू पडतो. एका स्थळासाठी उतरविलेला फॉन्ट दुसऱ्या स्थळालाही उपयोगी पडतो हा सामायिक कोठाराचा एक मोठा आधार होता. परंतु २०२० साली क्रोम ब्राउझरने वाचकाचा माग काढला जाऊ नये म्हणून प्रत्येक स्थळाची साठवण वेगळी केली, आणि तो आधार तेथे संपला. २० जानेवारी २०२२ रोजी म्यूनिकच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की वाचकाच्या संमतीवाचून गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणविल्यास त्याच्या जोडणीचा पत्ता त्रयस्थाकडे जातो आणि त्याच्या हक्काचा भंग होतो. वादीस १०० युरोंची भरपाई देण्यात आली. तोच फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून देता येतो, हा मुद्दा त्या निर्णयात निर्णायक ठरला. रक्कम लहान होती. पण खिळे कोठून आले हे विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे, एवढे तत्त्व त्यातून निघाले.

फ्लटर या ॲपरचनेच्या साधनासाठी २०१९ च्या अखेरीस आलेल्या गूगल फॉन्ट्स या जोडसंग्रहात या अनुभवाचे सार दिसते. फॉन्ट ॲपच्या गाठोड्यात सापडला तर तोच वापरला जातो. न सापडल्यास जालावरून आणला जातो, त्याचा ठसा अपेक्षित ठशाशी ताडून पाहिला जातो, आणि मग तो फोनमध्ये साठविला जातो. जालावरून आणणे पूर्णतः बंद करण्याचीही मुभा रचनाकाराला आहे. म्हणजे रचना चालू असताना बाहेरून मागवावे आणि ॲप लोकांच्या हाती देताना बांधून द्यावे, असा मध्यममार्ग तेथे खुला आहे.

हा मध्यममार्ग केवळ तंत्राने साधलेला नाही. फॉन्ट बांधून देण्याचा अधिकारच नसेल तर पर्यायाचा प्रश्न उद्भवत नाही. विक्रीच्या अनेक फॉन्टांच्या परवान्यांत संगणकावरील वापर, जालावरील वापर आणि ॲपमधील वापर यांचे हक्क निराळे असतात व त्यांचे मोलही निराळे असते. २००५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २००७ साली सुधारलेल्या एसआयएल मुक्त फॉन्ट परवान्याने ही अडचण दूर केली. फॉन्ट एकटा विकू नये, पण कोणत्याही आज्ञावलीबरोबर बांधून द्यावा, बदलावा, वाटावा, अशी मोकळीक त्यात आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट याच परवान्याखाली सर्वांना खुले झाले. निर्णयसागरचे खिळे विकत घ्यावे लागत. येथे मातृकाच लोकांच्या स्वाधीन झाली.

६

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की प्रणालीत देवनागरी आल्यावर मराठीचा प्रश्न सुटला. तो पुष्कळसा सुटला, पूर्णतः नाही. कारण देवनागरी वाचता येणे आणि मराठी वाचता येणे यांत अंतर आहे. युनिकोडमध्ये ल या अक्षराला एकच संकेत आहे, आणि श लाही एकच. मराठीतील पाकळीचा ल व गाठीचा श हिंदीतील प्रचलित रूपांहून भिन्न आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी त्यांचाच पुरस्कार केला. पडद्यावर कोणते रूप उमटावे हे फॉन्ट ठरवितो. काही फॉन्टांत मराठीसाठी निराळी रूपे साठविलेली असतात, पण मजकूर मराठीत आहे असे ॲपने सांगितले तरच ती प्रकट होतात. प्रणालीच्या फॉन्टावर सोडून दिलेला मराठी मजकूर वाचनीय असतो, परंतु त्याचे वळण परके असण्याचा संभव असतो. मुंबई वळण व कलकत्ता वळण यांचा जुना भेद येथे नव्या वेशात उभा राहतो.

वळणाचा भेद एक वेळ सोसता येईल. अर्थाचा भेद सोसता येत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी यांत फरक आहे. हा फरक ज्या आडव्या रफारावर अवलंबून आहे तो हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदी वाचक मनात धरून केलेल्या फॉन्टात त्याची उपेक्षा होऊ शकते. तसाच अकारावरील अर्धचंद्राचा. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी घडविलेल्या फॉन्टात हे अक्षर असण्याचे कारणच नाही. तेव्हा अशा फॉन्टावर चालणाऱ्या यंत्रात खुद्द ‘ॲप’ हा शब्दच आरंभी चौकोन घेऊन येतो.

याचा अर्थ फॉन्ट बांधून दिला की काम झाले असाही नव्हे. आकारमान कमी करण्यासाठी फॉन्टातील नको वाटणाऱ्या आकृती छाटण्याची प्रथा आहे. छाटणाऱ्याला मराठी येत नसेल तर प्रथम आडवा रफार व विरळ जोडाक्षरे यांवरच कात्री चालते. शिवाय बांधून दिलेला फॉन्ट ॲपची नवी आवृत्ती येईपर्यंत गोठलेला असतो; त्यातील दोष तितका काळ तसाच राहतो. बाहेरून येणारा फॉन्ट सुधारून येऊ शकतो, आणि न विचारता बदलूनही येऊ शकतो. शब्दकोश, पाठ्यपुस्तक, प्राचीन ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती किंवा न्यायालयीन कागद दाखविणाऱ्या ॲपात हा धोका क्षुल्लक मानता येणार नाही. तेथे एका रफाराने पाठ बदलतो.

७

एकंदर इतिहासावरून तीन अवस्था दिसून येतात. पहिलीत फॉन्ट न आल्यास मागे रोमन कडबोळे किंवा रिकामे चौकोन उरत; त्या अवस्थेत बाहेरील फॉन्टावर विसंबणे म्हणजे मजकूरच पणाला लावणे होते, व २००० सालच्या अनुभवाने ते सिद्ध केले. दुसरीत, म्हणजे २०११ नंतर, मागे वाचनीय देवनागरी उरू लागली. बातम्या, निरोप, जाहिराती अशा मजकुरास बाह्य फॉन्ट पुरेसा झाला, कारण तो न आल्यास हानी केवळ शोभेची होते. तिसरी अवस्था, जीत मागे उरणारे अक्षर निःसंशय मराठीच असेल, ती मात्र अद्याप सर्वत्र आलेली नाही. जेथे अचूकतेवर अर्थ अवलंबून आहे तेथे, ती येईपर्यंत, मराठी जाणणाऱ्याने तपासलेला फॉन्ट ॲपबरोबरच बांधून देणे हाच विवेकाचा मार्ग ठरतो. काही शे किलोबाइटांचा भार हा त्यासाठी मोठा भुर्दंड नव्हे.

जावजी दादाजींनी कारखाना काढला तेव्हा खिळे मिळत नव्हते असे नाही. मिशनचे खिळे मुंबईतच होते. मिळणाऱ्या खिळ्यांपेक्षा मराठी डोळ्याला रुचतील असे खिळे हवेत, आणि ते घडविण्याचे कसब आपल्याकडे असावे, ही त्यांच्या उद्योगामागील जाणीव होती. फॉन्ट गाठोड्यातून आला की जालावरून, याची उठाठेव वाचक करणार नाही. ‘दऱ्या’ लिहिले असता त्याला ‘दऱ्या’च दिसाव्यात, एवढीच त्याची अपेक्षा आहे, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी कोठारावर किंवा प्रणालीवर ढकलता येत नाही. ती मजकूर पाठविणाऱ्याचीच राहते.